सुटला की सोडला

आमचा मासेमारीचा दिवस तारखेवर ठरत नाही, तिथीवर ठरतो. कॅप्टनच्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी भिंतीवर दिनदर्शिका असते आणि तिच्यावर प्रत्येक तिथीखाली पेन्सिलीने बारीक आकडा लिहिलेला असतो. तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. हिशेब साधा आहे, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येतो, त्याच्यामागे पाणीही तेवढंच रेंगाळतं, म्हणून आपल्या किनाऱ्यावर ही पाऊणपट बऱ्यापैकी जुळते. माझं आजोळ अलिबाग तालुक्यातलं. आजोबा ओसरीवर बसून बोटांवर भरती मोजायचे, पण ते शिकून घ्यावं असं मला तेव्हा कधी वाटलं नाही. कॅप्टन सदाशिव पेठेत वाढलेली. कॉलेजात येईपर्यंत तिने समुद्र दोनदा पाहिला होता. आणि आज आम्हा दोघींत भरतीची वेळ तोंडपाठ आहे ती तिला.

कॅप्टन हे तिचं कबड्डीतलं नाव. ती कॉलेजच्या संघाची कर्णधार होती आणि मी डावा कोपरा सांभाळायचे. त्याला आता बावीस वर्षं झाली. गुडघ्यांनी मैदान सोडायला लावलं तरी तिच्यातला खेळ काही सुटला नाही. टेकडी चढायची तरी घड्याळ लावून, भाकरी थापायची तरी कोणाची जास्त फुगते ते पाहून. चार वर्षांपूर्वी मी तिला पहिल्यांदा खाडीवर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला नेलं. मला वाटलं होतं दोन तासांत कंटाळेल. परत येताना पौडला चहासाठी थांबलो, तर तिने दुकानातून शंभर पानी वही विकत घेतली आणि पहिल्या पानावर नियम लिहून काढले.

ते नियम अजून तेच आहेत. प्रत्येकीचे सर्वांत लांब तीन मासे धरायचे आणि त्यांच्या लांबीची बेरीज करायची. शिंगाळा मोजायचा नाही. मासा होडीतल्या फळीवर, पट्टीला लावून मोजला तरच धरायचा. आणि दोघींचे गळ पाण्यात असतील तेव्हाच खेळ चालू. एकीची दोरी तुटली, गाठ सुटली, लुअर (गळाचा खोटा मासा) अडकलं, तर दुसरीनेही आपला गळ बाहेर काढून थांबायचं. हरेल तिने मासे साफ करायचे आणि रात्रीची भांडी घासायची. हा सातवा दिवस होता आणि वहीत चार-दोन अशी ती पुढे होती.

कार्तिक वद्य दशमी या वेळी रविवारी आली. भरती साडेसातची, म्हणजे उजाडताना चढतं पाणी मिळणार आणि मग दुपारी दीडपर्यंत ओहोटी. अष्टमीचा भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटीचा काळ, नुकताच होऊन गेला होता. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला इथल्या खाड्यांत साडेतीन-चार मीटर पाणी चढतं-उतरतं, तळाचा गाळ ढवळून वर येतो आणि पाणी चहासारखं होतं. भांगाला त्याच्या निम्मंही पाणी हलत नाही, त्यामुळे ते निवळ राहतं. जिवंत कोळंबी लावून बसणाऱ्याला गढूळ पाण्यातही मासा वासावर सापडतो. आम्ही वापरतो ती लुअर, लाकडाचा नाहीतर रबराचा खोटा मासा. तो खऱ्याला दिसायला तर हवा.

दुसरं कारण घरचं होतं. सोमवारी आळंदीची एकादशी, सासूबाई ती कडक धरतात. त्यानंतर अमावास्या झाली की मार्गशीर्ष, म्हणजे महिनाभर आमच्या घरात मासा शिजत नाही. दशमीला मिळाला तर मिळाला, आणि त्याच रात्री शिजायला हवा.

शुक्रवारी रात्री आम्ही तिच्या घरी गाठी मारायला बसलो. हे काम मला मासे धरण्याइतकंच आवडतं. रिळावर ब्रेडची, म्हणजे विणलेली दोरी असते, सुताइतकी बारीक, तरी वीस पौंडांची. तिच्या टोकाला दीड हात लांबीचा लीडर, म्हणजे जाड, पारदर्शक दोरीचा तुकडा जोडायचा, चाळीस पौंडांचा. जिताड्यासाठी तो लागतोच, कारण जिताड्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड पात्यासारखी असते; डोकं झटकताना बारीक दोरी तिला लागली की संपलं. जोडणारी गाठ एफजी. लीडर दातांत ताणून धरायचा आणि ब्रेड त्याच्यावर एकदा वरून, एकदा खालून, अशी वीस वेळा गुंडाळत जायची. मग थुंकीने ओली करून हळूहळू खेचायची. नीट बसली की ब्रेडचा रंग डोळ्यांदेखत गडद होतो आणि गाठीवरून नख फिरवलं तर कुठेही अडकत नाही. कॅप्टनची गाठ दिव्याखाली धरली तर विणकामासारखी दिसते. नंतर तिने ताणकाटा दाराच्या कडीला अडकवून दोन्ही रिळांचा ड्रॅग लावला. दोरीच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्यावर, म्हणजे तीन किलोवर. मासा तीन किलोंपेक्षा जास्त जोराने ओढू लागला की रीळ दोरी सोडायला लागतं, तुटू देत नाही. "आता याला खाडीवर हात लावायचा नाही," असं तिनेच मला बजावलं. हे वाक्य पुढे आठवायचं आहे, म्हणून लिहिते.

शनिवारी रात्री दीडला कोथरूडहून निघालो. चांदणी चौक, भूगाव, पौड, सगळं सामसूम. वद्य दशमीचा चंद्र उशिरा उगवतो. मुळशीच्या कडेने जाताना तो मागे, गाडीच्या आरशात दिसला, पाण्यावर त्याची एक अस्पष्ट रेघ होती. मुळशीपाशी मी दर वेळी कॅप्टनला एकच गोष्ट सांगते आणि ती दर वेळी ऐकून घेते. या धरणात जमिनी जाणार म्हणून १९२१ साली मावळातले शेतकरी सत्याग्रहाला बसले, सेनापती बापट त्यांचे पुढारी होते. धरण झालंच. ज्या मुळेचं पाणी एरवी भीमेला, कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्राला गेलं असतं, त्यातलं पुष्कळसं आता बोगद्यातून सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात जातं. तिथून कुंडलिकेत, आणि कुंडलिका रेवदंड्याला अरबी समुद्राला मिळते. म्हणजे आम्ही ज्या खाडीवर निघालो होतो तिच्यात आमच्याच डोंगरावरचा पाऊस मिसळतो. ताम्हिणीचा घाट उतरताना मला दर वेळी वाटतं की आपण त्या पाण्याच्या सोबत चाललो आहोत, फक्त ते डोंगराच्या पोटातून आणि आपण अंगावरून.

विळ्याहून उजवीकडे वळून कोलाड, पुढे रोहा, चणेरा. साळावला पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. थंडी होती आणि सुक्या मासळीचा वास. नाखवा होडीत दिवा लावून बसलेले. ते कोर्लईच्या बाजूचे, साठीच्या पुढचे, जाळ्यावर आयुष्य गेलेलं. आमच्या काठ्या आणि रंगीत लुअर याबद्दल त्यांनी पहिल्या दिवशी काही म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाहीत. फक्त आमच्या पेटीतलं एखादं उचलून बोटांनी दाबून पाहतात आणि हे चालेल, हे नाही, असं मानेने सांगतात. ते नाही म्हणतात ते आम्ही लावत नाही.

पहिले दोन तास कॅप्टनचे होते. साळावच्या पुलाच्या खांबांना कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या आडोशाला छोटे मासे आणि त्यांच्यावर टपलेले मोठे. चढत्या पाण्यात होडी खांबापासून पंधरा-वीस हातांवर धरायची आणि रबरी मासा खांबाच्या अगदी मुळाशी टाकायचा. हातभर इकडे पडला तर काही नाही, तिकडे पडला तर कालवांत अडकला. कॅप्टनने कर्वेनगरच्या मोकळ्या मैदानात बादली ठेवून दोन महिने नेम धरला होता, गळ काढून नुसतं वजन लावून. रोज सकाळी पन्नास कास्ट. आता अंधुक उजेडात ती लागोपाठ खांबाच्या बुडाशी टाकत होती आणि थप्प असा बारीक आवाज दर वेळी एकाच जागेवरून यायचा. तिसऱ्या की चौथ्या कास्टला काठी वाकली. तांबोशी, ३१ सेंटीमीटर. सूर्य वर येत होता आणि त्याच रंगाचा मासा फळीवर. तिने मोजला, ओल्या हातांनी उचलला, पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून धरला. त्याने शेपटीचा फटका दिला तसा सोडला. अर्ध्या तासाने ढोमा, २७. बेरीज ५८.

मला एक शिंगाळा लागला. शिंगाळ्याच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांना करवतीसारखे दाते असतात आणि त्यांत विष असतं. टोचला तर हात दिवसभर ठणकतो, गरम पाण्यात बुडवून ठेवावा लागतो. नाखव्यांनी कापडाने दाबून धरला आणि पक्कडीने गळ काढला. वहीत शून्य.

साडेसातच्या सुमारास पाणी उभं राहिलं. होडीच्या कडेला तरंगणारं एक वाळकं पान बराच वेळ जागचं हललं नाही. अशा वेळी मासा खात नाही. वाहतं पाणी त्याचं जेवण आणून देतं, ते थांबलं की तोही थांबतो. आम्ही चहा प्यायलो, शेंगदाण्याची पोळी खाल्ली. पश्चिमेला कोर्लईच्या किल्ल्याचा डोंगर उन्हात आला होता, पलीकडे रेवदंड्याची झाडी. खालच्या कोर्लई गावात पोर्तुगीजांच्या काळापासून एक वेगळीच बोली बोलतात, पोर्तुगीज आणि मराठीच्या संगतीतून झालेली. नाखव्यांना ती बोलता येत नाही, समजते. त्यांनी तिच्यातले दोन-तीन शब्द ऐकवले. कॅप्टनने लगेच ते पाठ करायला घेतले, माझ्याआधी.

"ताई, पानी फिरलं," नाखवा म्हणाले. पान आता समुद्राकडे सरकत होतं. ओहोटीला ते सुकती म्हणतात. "आता तिवरांत जाऊ. वल्ह्यानं."

या दिवसातली माझ्या आवडीची वेळ हीच. भरतीचं पाणी तिवरांच्या मुळांत, चिखलाच्या बारक्या ओहळांत शिरलेलं असतं आणि त्याच्याबरोबर बोयीची पिल्लं, कोळंबी, खेकडे. सुकती लागली की हे सगळं परत खाडीत यायला निघतं, आणि यायची वाट ठरलेली, त्या ओहळाचं तोंड. ओहळातून येणारं पाणी मातकट, खाडीचं हिरवं. दोन्ही भेटतात तिथे पाण्यात एक शिवण दिसते. जिताडा त्या शिवणीच्या हिरव्या बाजूला, तळाशी, तोंड ओहळाकडे करून उभा असतो. शिकारीमागे धावत तो फारसा जात नाही. वाहत येणारा घास समोर आला की नुसतं तोंड उघडतो. पाण्यासकट घास आत, आणि वर एक बुप असा आवाज येतो. उन्हाच्या वेळी, शांत पाण्यात, हा आवाज चाळीस हातांवरून ऐकू येतो. जिथे तो ऐकू येईल तिथून थोडं वर, ओहळाच्या आत लुअर टाकायचं आणि पाण्याला ते आणू द्यायचं. आपण फक्त दोरीचा ढिलेपणा काढत राहायचं.

मी तसंच केलं आणि तिसऱ्या वेळी लुअर शिवणीवर आलं, तेव्हा काठीच्या मुठीत कोणीतरी दार ठोठावल्यासारखा दणका बसला. रीळ किर्रकन वाजलं. मासा पाण्याबाहेर आला, पूर्ण, चांदीचा, कल्ले फाकलेले, डोकं झटकताना कल्ल्यांचा खडखडाट. पुन्हा पाण्यात, सरळ तिवरांच्या मुळांकडे. मग काठी एकदम हलकी झाली.

दोरी गुंडाळून घेतली. लीडर मधोमध तुटला होता आणि तुटलेल्या जागेच्या आधी चार बोटं खडबडीत, पांढरट पडलेला. तो माशाने कापलेला नव्हता. सकाळी खांबाजवळ कालवांत एकदा लुअर अडकलं होतं, ते सोडवताना घासलेला. जागा बदलताना लीडर बोटांतून ओढून पाहायचा असतो, बोटाला खडबडीत लागला तर कापून नवा बांधायचा. मला हे पक्कं माहीत आहे. पाणी फिरल्याच्या घाईत मी पाहिला नाही, आणि त्या जिताड्याच्या तोंडात माझा गळ राहिला. हे मला दिवसभर टोचत होतं. अजूनही टोचतं.

कॅप्टनने सांत्वन केलं नाही. "बोटाने पाहिला होतास का?" एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. तिने आपलं लुअर पाण्यातून काढलं, काठी उभी धरली आणि फळीवर बसली.

मी गाठ मारायला घेतली. हात थरथरत होते, दोनदा चुकली. समोर त्या शिवणीवर बुप, बुप असे आवाज येत होते. सुकतीची ही पहिली वेळ दिवसातली सर्वांत चांगली असते आणि ती फार टिकत नाही. कॅप्टन आवाजाच्या दिशेने पाहत होती, तिच्या काठीच्या टोकावर लुअर लोंबत होतं. मी म्हटलं, "तू टाक गं, मला वेळ लागेल." तिने मान हलवली. नाखवा माझ्याकडे, मग तिच्याकडे पाहत राहिले. सात-आठ मिनिटं गेली असतील. गाठ बसली, ब्रेड गडद झाली. मी नख फिरवून पाहिलं आणि मान वर केली, तेव्हा ती उठली.

खूप जण मला म्हणतात की अशा सतत जिंकायला निघालेल्या मैत्रिणीबरोबर शांतपणे मासे कसे धरता येतात. त्यांना मी ती आठ मिनिटं सांगते.

पुढच्या ओहळावर मला जिताडा मिळाला. या वेळी मुळांकडे वळायच्या आधीच मी काठी आडवी करून त्याचं तोंड फिरवलं. तो तीनदा उडाला, नाखव्यांनी जाळीत घेतला. फळीवर ५७. जिताड्याची शेपटी गोल असते, टोकं जुळवायचा प्रश्न नाही, नाक पट्टीच्या आडव्या फळीला लावलं की आकडा सरळ वाचता येतो. तरी कॅप्टनने दोनदा वाचला, एकदा वरून, एकदा बाजूने. त्याचा डोळा जवळून पाहिला तर आत निखारा असल्यासारखा चमकतो. टपोरा, लालसर सोनेरी. कपाळ खोलगट, खालचा जबडा पुढे आलेला. अडीच किलोच्या आतबाहेर असेल. हा ठेवायचा ठरलं. बर्फात घातला.

आमची ठेवायची पद्धत अशी आहे: दिवसाला एक, घरात खाणाऱ्यांना पुरेल एवढाच, आणि मोठा जिताडा कधीच नाही. जिताडा वयात येतो तो नर म्हणून. वाढत वाढत, ८०-९० सेंटीमीटरच्या आसपास गेला की मादी होतो. म्हणजे खाडीतला प्रत्येक मोठा जिताडा ही अंडी घालणारी मादी असते, आणि तिला काढलं की तिच्या जागी मादी यायला काही वर्षं लागतात. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, त्या दोन महिन्यांत आम्हीही गळ हातात घेत नाही. आजोबांच्या लहानपणी रायगडात जिताडा भेट म्हणून द्यायचे, जावयाला, साहेबाला, सावकाराला. शेततळ्यात पिल्लं सोडून वाढवायचे. तेव्हाच्या लांबीच्या गोष्टी ऐकल्या की आजची खाडी गरीब वाटते.

मग कॅप्टनला तो लागला.

बुप नाही, उडी नाही. काठी वाकली आणि वाकलेलीच राहिली, दोरी एका संथ चालीने खाडीच्या मधल्या पाण्याकडे जाऊ लागली. नाखवा हलक्या आवाजात म्हणाले, "मोठा हाय." त्यांनी वल्ह्याने होडीचं तोंड फिरवलं आणि माशामागे जाऊ दिली. मी माझी दोरी कधीच आवरली होती. पंधरा मिनिटं तरी कॅप्टन त्याला घेत होती, देत होती. कोपर पोटाला टेकवून, गुडघे किंचित वाकवून, कबड्डीत चढाईवाल्याची वाट पाहताना उभी राहायची तशी. एकदा तो वर येऊन कूस बदलून गेला. पाण्याखाली जो चांदीचा फाटा दिसला तो माझ्या हाताएवढा होता, खांद्यापासून बोटांपर्यंत. नाखव्यांनी जाळी पाहिली आणि बाजूला ठेवली. त्यात त्याचं अर्धं अंगही मावलं नसतं.

शेवटी तो होडीच्या कडेला आडवा आला, दमलेला, कल्ले उघडत-मिटत. कॅप्टनने काठी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने लीडर पकडला. मी ओल्या फडक्याने त्याचा जबडा धरायला वाकले. त्याने एकदाच डोकं झटकलं. लुअर हवेत उडून होडीत माझ्या पायाशी पडलं. जिताडा क्षणभर तिथेच राहिला, मग खाली गेला, घाई न करता.

कोणी काही बोललं नाही. मी लुअर उचललं. तीन नख्यांच्या गळाची एक नखी सरळ झाली होती.

मी म्हटलं, तुझ्या हातात लीडर आला होता. मोठ्या माशांच्या कितीतरी स्पर्धांत लीडरला हात लागला की मासा धरला असंच मानतात. आपणही मानू. मीटरभर तरी होता, मी आणि नाखवा साक्षीला आहोत. मला हे मनापासून वाटत होतं.

"फळीवर मोजला नाही तर धरायचा नाही," ती म्हणाली. "पहिल्या पानावर आहे."

मग बराच वेळ ती बोलली नाही. आम्ही अकरा-साडेअकरापर्यंत आणखी दोन ओहळ पाहिले, पुन्हा पुलाच्या खांबांशी आलो, पाणी पार उतरलं, चिखल उघडा पडला, त्यावर बगळे आले. काही मिळालं नाही. बेरीज तीच राहिली, ५८ आणि ५७. एका सेंटीमीटरने ती जिंकली होती. नाखव्यांनी पैसे घेतले, आणि कॅप्टनला म्हणाले, "ताई, तो तिथंच राहतो. जात नाय कुठं."

परतीला घाटात तिने सांगितलं. मासा होडीपासून दहा हातांवर असताना तिने ड्रॅग दोन टिचक्या आवळला होता. "तुझा सत्तावन्न झाला नसता तर मी हात लावला नसता," ती म्हणाली. "मला तो लवकर फळीवर हवा होता." गळ सरळ झाला तो त्यामुळे. मी काही बोलले नाही. तिला उत्तर नको होतं, सांगून टाकायचं होतं.

संध्याकाळी सहाला घरी. गच्चीवर वर्तमानपत्र पसरून मी जिताडा साफ केला, हरल्याचा नियम. जिताड्याचे खवले एक-एक नखाएवढे, सुरीच्या पाठीने शेपटीकडून डोक्याकडे ओढले की टपटप उडतात. तुकड्यांना हळद, मीठ, आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं वाटण, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. डोकं सासूबाईंनी मागून घेतलं आणि स्वतः ओल्या नारळाचं, कोकमाचं कालवण केलं. त्यांचंही माहेर तिकडचंच, डोकं दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत. कॅप्टनला माझ्या घरात मासा खायची सवय लागली ती या कालवणाने. ताटात काटा शिल्लक ठेवत नाही. सासूबाई म्हणाल्या, "खाडीचा आहे, तळ्याचा नाही. चव सांगते." बाराच्या आत ओटा धुऊन, भांडी घासून, एकादशीचं स्वयंपाकघर मोकळं करून दिलं.

मग तिने वही काढली. शेवटच्या रकान्यात आम्ही माशाचं काय झालं ते लिहितो. तांबोशी, सोडला. ढोमा, सोडला. जिताडा ५७, ठेवला. माझ्या पहिल्या जिताड्यापुढे मी लिहिलं: सुटला, लीडर घासलेला, पाहिला नव्हता. शेवटची ओळ तिची. तिने लिहिलं: जिताडा, लांबी नाही, सुटला. ड्रॅग आवळला.

मी म्हटलं, सोडला लिही. तुझ्या हातात आला होता आणि एवढा मोठा आपण ठेवणार नव्हतोच, सोडणारच होतो.

तिने पेन्सिल थांबवली, विचार केला असावा. "सोडायला आधी धरावा लागतो," ती म्हणाली आणि ओळ तशीच ठेवली.

निघताना चपला घालता घालता तिने आमच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं पान उलटलं. "मार्गशीर्ष शुद्ध नवमी. पावणेसात. खायचं नाही, सगळे सोडायचे. जमेल?"

"वार कोणता?"

"सोमवार. रजा काढ."

मी पेन्सिल घेतली आणि नवमीच्या चौकोनात पावणेसात लिहिलं.